पीडीजीएफ दिलं तरी अल्फा-अ‍ॅक्टिन उतरत नाही: धमनीतल्या स्मूथ मसल पेशींचा रूपबदल मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. विकत आणलेल्या मानवी कोरोनरी धमनीच्या स्मूथ मसल पेशी, सातवा पॅसेज (डिशमध्ये सातव्यांदा वाटून वाढवलेल्या), कंपनीच्याच ग्रोथ मीडियममध्ये वाढवलेल्या. त्यांना २० नॅनोग्रॅम/मि.लि. पीडीजीएफ-बीबी (वाढीचा संदेश देणारं प्रथिन) २४ तास दिलं. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं पट्ट्यांच्या रूपात मोजायची पद्धत) अल्फा-स्मूथ-मसल-अ‍ॅक्टिनची (रूपबदलात घटणाऱ्या आकुंचनी प्रथिनाची) पट्टी कंट्रोलइतकीच राहिली आणि केएलएफ४ (आकुंचनी जनुकं दाबणारं प्रथिन) सुद्धा वाढलेला दिसला नाही. लोडिंग कंट्रोल (सगळ्या नमुन्यांत सारखंच प्रथिन भरलंय का ते पाहायची मोजपट्टी) म्हणून बीटा-अ‍ॅक्टिन वापरलं. मग 'रूपबदल झाला नाही', म्हणजे पेशींनी आकुंचनाचं काम सोडलं नाही, असा निष्कर्ष लिहायचा का? जोडीला दुसरा प्रश्न: धमनीच्या आजाराचं मूळ हा रूपबदल असेल, तर तो रोखणं, म्हणजे केएलएफ४ दाबणं, हाच उपचार का नाही?

पहिल्याचं उत्तर: नाही, तसा निष्कर्ष लिहू नका. बहुधा रूपबदल तुम्ही पीडीजीएफ देण्याआधीच होऊन गेला होता, उरलेला तुम्ही चुकीच्या वेळी शोधलात आणि मोजपट्टीही हलती निवडलीत. दुसऱ्याचं उत्तर लांब आहे, कारण 'रूपबदल' हा एकवचनी शब्दच फसवा आहे.

आधी पेशीच्या आत काय घडतं ते पाहू, कारण प्रयोगातली प्रत्येक दुरुस्ती तिथूनच निघते.

हृदयाच्या किंवा हातापायांच्या स्नायूंची पेशी एकदा घडली की घडली. धमनीच्या मधल्या थरातली स्मूथ मसल पेशी तशी नाही. निरोगी धमनीत ती लांबट, क्वचितच विभागणारी, आकुंचनाच्या प्रथिनांनी भरलेली असते: अल्फा-अ‍ॅक्टिन (जनुक एसीटीए२), स्मूथ मसल मायोसिन (एमवायएच११), एसएम२२-अल्फा (टीएजीएलएन), कॅल्पोनिन (सीएनएन१). इजा झाली, कोलेस्टेरॉल साचलं किंवा नुसती प्लास्टिकच्या डिशमध्ये आली, की ती ही अवजारं खाली ठेवते, विभागू लागते, सरकू लागते आणि कोलाजेन-प्रोटिओग्लायकन विणू लागते.

या सगळ्या आकुंचनी जनुकांच्या पुढ्यात एक सामाईक कुलूप असतं, सीएआरजी बॉक्स: दोन सी, मग ए किंवा टी ची सहा अक्षरं, मग दोन जी. त्यावर एसआरएफ नावाचं प्रथिन बसतं. पण एसआरएफ एकटं दुबळं आहे, आणि शिवाय ते दोन घरचं पाहुणं आहे. वाढीची जनुकंही, उदाहरणार्थ सी-फॉस, त्याच्याच हाताखाली चालतात. कोणत्या घरी काम करायचं ते ठरवतो त्याचा जोडीदार. २००१ साली एरिक ओल्सन यांच्या प्रयोगशाळेने मायोकार्डिन शोधलं, तो हा आकुंचनी घरचा जोडीदार. पीडीजीएफ आलं की ईआरके साखळी चालू होते, ईएलके१ वर फॉस्फेट बसतं आणि ईएलके१ मायोकार्डिनला बाजूला सारून एसआरएफवरची तीच जागा पकडतं. ही झाली तासाभराच्या आतली झटापट. त्यामागून केएलएफ४ येतो. तो मायोकार्डिनचं उत्पादनच कमी करतो, आकुंचनी जनुकांच्या प्रमोटरवरच्या जी-सी भरलेल्या तुकड्यांवर बसतो आणि हिस्टोनवरचे अ‍ॅसिटिल गट काढणारी एंझाइमं बोलावून क्रोमॅटिन आवळतो.

उलट्या बाजूने ओढणारेही आहेत. टीजीएफ-बीटा स्मॅड३ मार्फत आकुंचनी जनुकं उचलतो. मायक्रो-आरएनए १४३ आणि १४५ ही जोडी केएलएफ४, केएलएफ५ आणि ईएलके१ यांना दाबून ठेवते. टीईटी२ डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसून सीएआरजी बॉक्स उघडे ठेवतं. आणि मायोकार्डिनचा चुलतभाऊ एमआरटीएफ-ए सुट्या अ‍ॅक्टिनला चिकटून पेशीद्रवात पडून असतो. पेशी ताणली गेली, ऱ्हो-रॉक साखळीने सुट्या अ‍ॅक्टिनचे धागे वळले, की तो मोकळा होऊन केंद्रकात जातो. म्हणजे पेशी किती ताणलेली, कशावर बसलेली, हे थेट जनुकांपर्यंत पोचतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण प्लास्टिकवर ती रोज नडते.

आता तुमचा प्रयोग.

बहुतेक व्यावसायिक ग्रोथ मीडियममध्ये ५ टक्के सीरम, ईजीएफ, एफजीएफ-२ आणि इन्सुलिन असतं. सीरममध्ये प्लेटलेटांनी सोडलेलं पीडीजीएफ असतंच. अशा मीडियममध्ये सात पॅसेज काढलेल्या पेशी म्हणजे आधीच रूप बदललेल्या पेशी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मायोकार्डिनचा आरएनए मोजून पाहा. तो इतक्या उशिराच्या सायकलला उमटेल की आकड्यावर विश्वास ठेवणं अवघड जाईल. म्हणून पहिली पायरी उतरणीची नव्हे, चढणीची: पेशींना आधी आकुंचनी रूपाकडे परत न्यायचं. तिसऱ्या ते पाचव्या पॅसेजच्या पेशी घ्या, त्या जवळजवळ भरू द्या (८० ते ९० टक्के), मग सीरम ०.२ ते ०.५ टक्क्यांवर आणून, वाढीचे सगळे घटक काढून २४ ते ४८ तास ठेवा. त्याहून जास्त उपाशी ठेवलं तर पेशी मरू लागतात आणि मेलेल्या-सुटलेल्या पेशींचा परिणाम तुम्ही पीडीजीएफच्या नावावर लिहाल. दर्जा तपासायला एक वेगळी विहीर ठेवा, तिला १ ते ५ नॅनोग्रॅम/मि.लि. टीजीएफ-बीटा१ द्या. ४८ तासांत तिथे सीएनएन१ आणि एसीटीए२ वर गेलेच पाहिजेत. ते वर जात नसतील तर त्या पेशी खालीही जाणार नाहीत; ती खेप टाकून द्या, पुढचे पैसे वाचतील.

जिच्यावर पेशी बसतात ती गादीही पाहा. फायब्रोनेक्टिन पेशीला सिंथेटिक (विभागणाऱ्या-विणणाऱ्या) बाजूला ढकलतं, लॅमिनिन आणि कोलाजेन-४ आकुंचनी बाजूला धरून ठेवतात. कोलाजेन-१ चं तर आणखी गमतीचं आहे: धाग्यांच्या जाळीच्या रूपात दिलं तर पेशींची वाढ थांबते, सुट्या रेणूंच्या थराच्या रूपात दिलं तर चालू राहते. तेच प्रथिन, तीच बाटली. 'कोलाजेनवर वाढवल्या' एवढंच लिहिलेला मेथड विभाग म्हणूनच निरुपयोगी असतो.

पीडीजीएफ-बीबी हे चिकट प्रथिन आहे. ते साध्या बफरमध्ये विरघळवून साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर बराचसा भाग भिंतीला चिकटून बसतो. ४ मिलिमोलर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि ०.१ टक्के अल्ब्युमिन यात विरघळवा, लहान भाग करून गोठवा, एकदा वितळवलेलं पुन्हा गोठवू नका. ते जिवंत आहे की नाही हे कळायला ७२ तास थांबायची गरज नाही: ५ आणि १५ मिनिटांना पेशी उचला आणि फॉस्फो-ईआरके पाहा. तिथे उसळी नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. मात्रा १० ते ३० नॅनोग्रॅम/मि.लि. ठीक आहे, तुमचे २० चुकीचे नव्हते.

वेळ मात्र चुकली. केएलएफ४ हा लवकर येऊन लवकर जाणारा पाहुणा. त्याचा आरएनए पहिल्या काही तासांत चढतो आणि उतरतो, प्रथिनही अल्पायुषी. २४ तासांनी दार उघडलं तर खोली रिकामीच दिसणार. ३० मिनिटं, १, २, ४, ८ आणि २४ तास अशी मालिका लावा. अल्फा-अ‍ॅक्टिनचं नेमकं उलट. ते या पेशीतल्या सर्वांत मुबलक प्रथिनांपैकी एक आणि दीर्घायुषी. आरएनए २४ तासांत निम्म्यावर आला तरी धाग्यांत विणलेला जुना साठा तसाच असतो. प्रथिनासाठी ४८ आणि ७२ तास पाहा, आरएनएसाठी २४.

ब्लॉटमध्ये आणखी एक खड्डा: २० मायक्रोग्रॅम प्रथिन भरलं की अल्फा-अ‍ॅक्टिनची पट्टी संपृक्त होते आणि ३० टक्के घट तिच्यात बुडून जाते. २ ते ५ मायक्रोग्रॅम भरा आणि त्याच जेलवर कंट्रोल नमुन्याची पातळ करत नेलेली मालिका लावा. पट्टी प्रमाणात फिकी होते की नाही ते डोळ्यांनी दिसेल.

आणि बीटा-अ‍ॅक्टिन. एसीटीबी जनुकाच्या पुढ्यातही सीएआरजी बॉक्स आहे, म्हणजे तेही एसआरएफचंच गिऱ्हाईक. एसआरएफ ज्या प्रयोगात हलवायचंय तिथे बीटा-अ‍ॅक्टिन लोडिंग कंट्रोल ठेवणं म्हणजे कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखं. शिवाय दोन्ही अ‍ॅक्टिनं ४२ किलोडाल्टनचीच, त्यामुळे तोच पडदा धुऊन पुन्हा वापरला तर आधीची पट्टीच पुन्हा मोजण्याचा धोका. व्हिन्क्युलिनही एसआरएफच्या ताब्यातलं, ते टाळा. अल्फा-ट्युब्युलिन चालेल, एकूण प्रथिनाचा रंग त्याहून बरा. आरएनएसाठी १८एस किंवा एचपीआरटी१, आणि शक्यतो दोन मिळून. जीएपीडीएच वापरू नये असं नाही, पण विभागणाऱ्या पेशींत ग्लायकोलिसिस वाढतं, तेव्हा ते स्थिर आहे हे आधी दाखवा.

खुणांबद्दलही थोडं. एसीटीए२ एकट्याने काही सिद्ध होत नाही. मायोफायब्रोब्लास्ट आणि पेरिसाइटमध्येही ते भरपूर असतं. एमवायएच११ सर्वांत भरवशाचं, पण त्याची कित्येक अँटिबॉडी नॉन-मसल मायोसिनला चिकटतात, आणि ते तर सिंथेटिक पेशीत वाढतं. खरी असेल तर सुमारे २०४ आणि २०० किलोडाल्टनच्या एसएम१, एसएम२ अशा दोन पट्ट्या मिळतील. धमनीचा ताजा तुकडा पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावा, डिशमधल्या पेशी नव्हे. आणि नुसत्या खुणांवर थांबू नका. कोलाजेन जेल आकसते का, ईडीयू (नव्याने बनणाऱ्या डीएनएत बसणारी खूण) किती केंद्रकांत शिरतो, हेही पाहा. ओरखडा भरून येण्याची चाचणी स्थलांतर म्हणून छापली जाते, पण निम्मं श्रेय विभागणीचं असू शकतं. ओरखड्याआधी मायटोमायसिन-सी १० मायक्रोग्रॅम/मि.लि. दोन तास द्या, किंवा ८ मायक्रोमीटर छिद्रांचा ट्रान्सवेल वापरा.

स्वतः पेशी काढत असाल तर: उंदराची महाधमनी कोलाजिनेजमध्ये १० ते २० मिनिटं भिजवली की बाहेरचा थर मोज्यासारखा उलटून निघतो. तो नीट निघाला नाही तर दोन पॅसेजनंतर तुमच्याकडे फायब्रोब्लास्ट असतील. उरलेली नळी उभी चिरून आतला एंडोथेलियमचा थर कापसाने पुसा, मग कोलाजिनेज-इलॅस्टेजमध्ये मोकळ्या करा. तुकडे चिकटवून पेशी बाहेर सरकू देण्याची पद्धत सोपी आहे, पण त्यातून बाहेर येतात त्या सरकण्यात तरबेज असलेल्याच, म्हणजे निवड आधीच झालेली.

आता दुसरा प्रश्न, आणि खरा मजकूर इथेच आहे.

पूर्वी धमनीच्या भिंतीत चरबी साचून झालेल्या गाठीचे (प्लाकचे) काप घेऊन अल्फा-अ‍ॅक्टिन रंगवलं जाई: रंगलेल्या त्या स्मूथ मसल पेशी, सीडी६८ रंगलेल्या त्या मॅक्रोफेज. या पद्धतीत एक मूलभूत चूक होती. ज्या पेशीने खूण गमावली ती मोजणीतूनच गळते. उपाय म्हणजे पेशीला आधीच कायमचा शिक्का मारणं. एमवायएच११ च्या प्रमोटरखाली क्रीईआरटी२ (टॅमॉक्सिफेन मिळालं तरच डीएनए कापणारं एंझाइम) असलेल्या उंदराला सहा ते आठ आठवड्यांच्या वयात टॅमॉक्सिफेन देतात (१ मिलिग्रॅमची दहा इंजेक्शनं, दोन आठवड्यांत), म्हणजे त्या क्षणी खरोखर आकुंचनशील असलेल्या पेशीच चमकू लागतात. मग औषध शरीराबाहेर जाऊ देऊन ॲपोई (रक्तातलं कोलेस्टेरॉल हटवायला मदत करणारं प्रथिन) नसलेल्या त्याच उंदराला २१ टक्के चरबीचा आणि सुमारे ०.१५ टक्के कोलेस्टेरॉलचा आहार कित्येक आठवडे. पुढे पेशी काहीही झाली तरी तिचं मूळ लपत नाही.

गॅरी ओवेन्स यांच्या गटाने २०१५ मध्ये हे मांडलं तेव्हा दिसलं की गाठीतल्या शिक्का असलेल्या पेशींपैकी ८० टक्क्यांहून अधिक पेशींत अल्फा-अ‍ॅक्टिन दिसतच नव्हतं. म्हणजे तोवरची मोजणी बहुसंख्य पेशी सोडून चालली होती. काहींवर मॅक्रोफेजच्या खुणा होत्या. मानवी कोरोनरी धमन्यांतही, २०१४ च्या एका अभ्यासात, फेसाळ पेशींपैकी सुमारे निम्म्या स्मूथ मसल वंशाच्या निघाल्या. इथे एक सावधगिरी: सीडी६८ चा रंग चढला म्हणून ती पेशी मॅक्रोफेज होत नाही. कोलेस्टेरॉल भरलेली स्मूथ मसल पेशी मृत पेशी गिळण्यात आणि साचलेली चरबी बाहेर टाकण्यात खऱ्या मॅक्रोफेजपेक्षा बरीच कच्ची असते. वेश आहे, हुद्दा नाही.

त्याच उंदरांत स्मूथ मसल पेशींपुरता केएलएफ४ काढून टाकला तेव्हा गाठी लहान झाल्या आणि त्यांच्यावरची तंतुमय टोपी (गाठीला झाकणारा कोलाजेनचा थर) जाड झाली. इथे थांबलं तर तुमचं म्हणणं बरोबर: केएलएफ४ दाबा, काम झालं. पण पुढच्याच वर्षी त्याच गटाने ऑक्ट४ काढून पाहिला. केएलएफ४ सारखा हाही स्टेम सेलचाच घटक, तोही रूपबदलातच जागा होणारा. अपेक्षा अशी की रूपबदल थांबेल आणि भलं होईल. झालं उलटं. पेशी टोपीपर्यंत पोचल्याच नाहीत, गाठी मोठ्या आणि अधिक नाजूक झाल्या. म्हणजे अवजारं खाली ठेवून मधल्या थरातून बाहेर पडणं हीच टोपी विणण्याची पूर्वअट आहे. सगळा रूपबदल गोठवलात तर दुरुस्ती करणारे गवंडीही घरीच बसतील.

ही टोपी किती मोलाची हे एका आकड्यात सांगता येतं: फुटलेल्या गाठींच्या अभ्यासातून आलेली धोक्याची रेषा ६५ मायक्रोमीटर. टोपी त्याहून पातळ आणि खाली मॅक्रोफेज, तर गाठ फुटण्याच्या बेतात. ती विणणाऱ्या पेशी मुद्दाम मारल्या तर काय होतं तेही उंदरांत पाहून झालंय: टोपी पातळ, मृत गाभा मोठा, दाह वाढलेला. त्यातही दुसरी बाजू आहेच. काही झटके गाठ न फुटता तिच्यावरचा एंडोथेलियमचा थर झिजून होतात आणि अशा गाठी स्मूथ मसल पेशी आणि प्रोटिओग्लायकनांनी भरलेल्या असतात. 'पेशी जास्त म्हणजे गाठ स्थिर' हेही सूत्र मग सरसकट लागू पडत नाही.

सिंगल-सेल आरएनए सिक्वेन्सिंग (एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचणं) आल्यापासून या वाटा नावानिशी दिसू लागल्या. आकुंचनी पेशी आधी एका मधल्या अवस्थेत येते, जिथून अनेक फाटे फुटतात. एक फाटा फायब्रोमायोसाइटचा: ल्युमिकन, डेकोरिन, फायब्रोनेक्टिन विणणाऱ्या पेशी, टोपीचं मनुष्यबळ. दुसरा हाड-कूर्चेकडे: एसओएक्स९, आरयूएनएक्स२, मग कॅल्शियम. तिसरा दाहाकडे. टीसीएफ२१ हे जनुक कोरोनरी आजाराच्या मानवी जीनोम अभ्यासांत धोक्याच्या जागी सापडलं होतं. २०१९ मध्ये दिसलं की ते पेशीला फायब्रोमायोसाइटच्या वाटेवर नेतं, उंदरांत ते काढलं तर टोपीत अशा पेशी कमी पोचतात, आणि माणसांत ते जास्त बनत असेल तर आजाराचा धोका कमी. म्हणजे रूपबदल घडवणारं जनुक, आणि तरीही राखणदार. केएलएफ४ आणि टीसीएफ२१ दोघांच्याही हाताखाली एसीटीए२ उतरतं. तुमच्या ब्लॉटवर दोन्ही सारखेच दिसतील. याच कारणाने 'अल्फा-अ‍ॅक्टिन कमी झालं, म्हणजे रोग वाढला' हे वाक्य थीसिसमध्ये टिकणार नाही.

एक वेगळाच पुरावा वंशातून येतो. २००७ मध्ये एसीटीए२ मधले बदल छातीतल्या महाधमनीच्या फुगवट्याचं आणि फाटण्याचं कौटुंबिक कारण म्हणून सापडले. अशा कुटुंबांपैकी सुमारे १४ टक्क्यांत तेच कारण होतं. पुढे लक्षात आलं की याच जनुकातले काही बदल मोठी धमनी फुगवतात आणि मेंदूच्या किंवा हृदयाच्या लहान धमन्या बुजवतात, अगदी तरुणपणी. एकच जनुक बिघडलं तरी धमनी कुठे ढिली पडते आणि कुठे पेशींनी चोंदते. आकुंचनाचं यंत्र मोडलं की पेशी नुसती शक्तिहीन होत नाही, तिची वाढही सुटते.

वाढ थांबवणं हाच उपचार कुठे चालला, तर स्टेंटमध्ये. धातूचा साधा स्टेंट टाकला की त्याच्या जाळीवर स्मूथ मसल पेशींचा थर चढतो आणि चार-पाच रुग्णांमागे एकाची धमनी पुन्हा अरुंद होई. सिरोलिमसने ते बदललं. १९६४ च्या कॅनेडियन मोहिमेने ईस्टर बेटावरून, म्हणजे रापा नुईवरून, आणलेल्या मातीतल्या जिवाणूपासून हे रसायन मिळालं, म्हणून रापामायसिन. त्यावर चिकाटीने काम करणारे शास्त्रज्ञ भारतीय वंशाचे सुरेंद्रनाथ सेहगल. ते एफकेबीपी१२ ला चिकटून एमटॉर संकुल-१ (पेशीच्या वाढीचा स्विच) रोखतं, पी२७ (विभागणीचा ब्रेक) टिकून राहतं आणि पेशी विभागणीच्या उंबरठ्यावरच थांबते. शिवाय आकुंचनी जनुकंही काहीशी उचलली जातात. २००२ च्या रॅव्हेल चाचणीत सहा महिन्यांनी पुन्हा अरुंद होण्याचं प्रमाण साध्या स्टेंटमध्ये २६.६ टक्के आणि सिरोलिमसच्या स्टेंटमध्ये शून्य. असा आकडा वैद्यकात क्वचित दिसतो. किंमतही होती: तेच औषध एंडोथेलियमलाही रोखतं, त्यामुळे जाळी बराच काळ उघडी राहते आणि उशिराने रक्ताची गुठळी होण्याचा धोका. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या जास्त काळ चालू ठेवण्याचं कारण हेच.

मग शिरेच्या ग्राफ्टमध्ये का जमलं नाही? बायपासमध्ये वापरायची शीर एडिफोलिगाइड या ई२एफ (विभागणीची जनुकं चालू करणारं प्रथिन) अडवणाऱ्या द्रवात भिजवून जोडण्याचा प्रयोग प्रिव्हेंट-४ चाचणीत ३,०१४ रुग्णांवर झाला. २००५ मध्ये निकाल आला: ग्राफ्ट बंद पडण्याचं प्रमाण ४५.२ विरुद्ध ४६.३ टक्के. म्हणजे काहीच फरक नाही. माझं वाचन असं: एकदा भिजवलेलं औषध एका मार्गावरची एक चावी फिरवतं, पण ग्राफ्ट पुढे महिनोन् महिने धमनीचा दाब सोसत असतो आणि गुठळी, ताण, चरबी अशी कारणं बदलत राहतात. स्टेंट मात्र आठवड्यांगणिक औषध सोडत राहतो आणि जाळीने धमनीला उघडंही धरतो.

याहून जुना धडा उंदीर-घुशींचा. घुशीच्या कॅरोटिड धमनीत फुगा फिरवला की दोन आठवड्यांत आत पेशींचा जाड थर येतो. १९८९ मध्ये सिलाझाप्रिल या एसीई-रोधकाने (रक्तदाबाच्या औषधाने) तो थर ठळकपणे कमी झाला. १९९२ च्या मर्केटर चाचणीत माणसांत परिणाम शून्य. घुशीला वजनामागे दिलेली मात्रा कितीतरी जास्त होती, तिच्या निरोगी धमनीत आतल्या थरात आधीपासून पेशीच नव्हत्या, आणि माणसात फुग्यानंतर धमनी पुन्हा अरुंद होते ती बरीचशी भिंत आखडल्याने. नमुना चांगला होता, प्रश्न वेगळा होता.

दाहाबद्दलही असंच सांभाळून बोलावं लागतं. गाठी पिकलेल्या उंदरांना इंटरल्यूकिन-१-बीटाविरोधी अँटिबॉडी दिली तर टोपीतल्या स्मूथ मसल पेशी आणि कोलाजेन घटले, मॅक्रोफेज वाढले. माणसांत २०१७ च्या कँटोस चाचणीत त्याच रेणूविरुद्धच्या कॅनाकिनुमॅबने, १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत, हृदयविकाराच्या मोठ्या घटना १५ टक्क्यांनी कमी केल्या. दोन्ही खरं आहे. एक निकाल दुसऱ्याला खोडत नाही. गाठीच्या कोणत्या वयात, कोणत्या पेशीवर, एवढाच फरक.

शेवटी तुमच्या पुढच्या आराखड्यात कॅल्शियमचा प्रयोग आणि सिंगल-सेल असं दोन्ही लिहिलंय, म्हणून त्यातले खड्डे.

कॅल्शियम साठवणारी पेशी आणि मीडियममधून आपोआप बसलेला साका यांत अ‍ॅलिझरिन रेड फरक करत नाही. १० मिलिमोलर बीटा-ग्लिसेरोफॉस्फेट द्यायची रीत जुनी आहे, पण अल्कलाइन फॉस्फेटेज जास्त असेल तर फॉस्फेट इतकं सुटतं की साका रासायनिकच असतो. २.६ मिलिमोलर अजैविक फॉस्फेट बरं. माणसाच्या सीरममध्ये ते साधारण ०.८ ते १.५ असतं, आणि २.६ हा आकडा मूत्रपिंडाच्या आजारातल्या वाढीच्या जवळपास. दोन कंट्रोल ठेवाच: पेशीच नसलेली विहीर, आणि पेशी आधीच स्थिर करून मारलेली विहीर. तिथेही लाल रंग आला तर तुम्ही जीवशास्त्र नव्हे, रसायनशास्त्र मोजताय. सीरमची बाटली प्रयोगाच्या मध्येच बदलू नका, त्यातलं फेट्युइन-ए साका रोखतं. राखणदार म्हणून एमजीपी (कॅल्शियम साचू न देणारं प्रथिन) मोजा. ते नसलेले उंदीर महाधमनी दगडासारखी होऊन दोन महिन्यांत ती फाटून मरतात, आणि एमजीपीला काम करायला व्हिटॅमिन-के लागतं, म्हणून वॉरफेरिन या प्रयोगात उपयोगी आणि रुग्णात काळजीचं.

सिंगल-सेलमध्ये सगळ्यांत वाईट फसवणूक एंझाइमांची. आकुंचनी पेशी इलॅस्टिनच्या थरांत घट्ट बसलेल्या, त्या सुटायला वेळ लागतो; लवकर सुटतात त्या आधीच सैल झालेल्या. म्हणजे प्रमाण चुकतं. आणि ३७ अंशांवर तासभर सुटत असताना पेशी फॉस, जून, एटीएफ३ आणि केएलएफ४ चालू करते. होय, नेमका तुम्हाला शोधायचा असलेला केएलएफ४. सोडवण्याच्या द्रवात अ‍ॅक्टिनोमायसिन-डी घाला किंवा गोठवलेल्या ऊतीतून केंद्रकंच काढा, आणि केएलएफ४ दिसला तर अखंड कापावर इन-सिटू (ऊतीत जागच्या जागी आरएनए रंगवणं) करून तो खरंच तिथे होता का ते पडताळा.

उंदीर मागवताना एक बारीक गोष्ट: एमवायएच११-क्रीईआरटी२ हा सर्वाधिक वापरला जाणारा ट्रान्सजीन वाय गुणसूत्रात बसलाय. त्यातून मिळणारा प्रत्येक निष्कर्ष फक्त नरांचा. माद्या हव्या असतील तर आयटीजीए८-क्रीईआरटी२ सारखी ओळ घ्या. आणि कोणतीही ओळ घेतली तरी टॅमॉक्सिफेन न दिलेल्या दोन-तीन उंदरांचे काप आधी पाहा. तिथेच पेशी चमकत असतील तर तुमचा शिक्का आधीच उमटलेला आहे.